गावाला जाताना एसी चालू ठेवायचा? कोणासाठी?

मे महिना लागला की ठाण्या-नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो आणि गणपतीच्या आधी पुन्हा उगवतो. मजकूर थोडक्यात असा: "गावाला निघताय? एसी बंद करू नका, २७ वर लावून जा. बंद घर तापत जातं आणि आल्यावर एसीला दुप्पट वीज लागते. बंद एसीतला गॅसही उडून जातो. पावसाळ्यात ड्राय मोडवर ठेवा, बुरशी लागणार नाही. गीझर चालू राहिला तरी चालेल, पाणी तापलं की तो वीज खात नाही. हे जमत नसेल तर सरळ मेन स्विच पाडा. हिवाळ्यात घर १३ अंशांखाली जाऊ देऊ नका. परत आल्यावर एसी १६ वर लावा."

त्या १३ अंशांवरच मेसेजचं मूळ गाव कळतं. घोडबंदर रोडवरच्या बंद फ्लॅटमध्ये १३ अंश कधी व्हायचे? ही अमेरिकेतली ५५ फॅरनहाइटची सूचना आहे. तिकडच्या थंड राज्यांत रिकामं घर फार गार पडलं तर भिंतीतले पाण्याचे पाइप गोठून फुटतात, म्हणून हीटिंग अगदी बंद करायचं नसतं. फ्लोरिडासारख्या दमट भागात घरांच्या आतल्या भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या, अख्ख्या घराला एकच यंत्रणा. तिथे ओल धरू नये म्हणून एसी वरच्या तापमानावर चालू ठेवून जातात. त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. मेसेज करणाऱ्याने फॅरनहाइटचं सेल्सिअस केलं, घर मात्र तिकडचंच ठेवलं.

आता "दुप्पट वीज". बाहेरची उष्णता घरात किती वेगाने शिरते, हे आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. एसी लावून तुम्ही तो फरक टिकवून धरता, म्हणजे उष्णता दिवसरात्र आत येत राहते आणि एसी ती दिवसरात्र बाहेर फेकत राहतो. बंद केलात तर घर थोडं तापतं, आतलं-बाहेरचं जवळपास सारखं होतं आणि उष्णता शिरायची थांबते. घर "तापत जातं" असं काही नसतं. वरच्या मजल्यावरचा पश्चिमेचा बेडरूम भट्टी होतो हे कबूल, पण तोही एका मर्यादेपर्यंतच. आल्यावर टाकी भरायला वेळ लागू नये म्हणून गळक्या टाकीत पंधरा दिवस पंप चालू ठेवण्यासारखा हा प्रकार आहे.

हिशेबच करायचा तर दीड टनाचा इन्व्हर्टर एसी २७ वर सरासरी ४०० वॉट घेतो असं धरा. पंधरा दिवसांचे १४४ युनिट झाले. उलट परत आल्यावर तापलेली खोली गार करायला तो दोन तास पूर्ण ताकदीने, दीड किलोवॉटने धावला, तरी ३ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटांवर टप्पा बदलतो, त्यामुळे ते १४४ युनिट वरच्या दराने लागण्याचीही शक्यता आहे. आणि हे सगळं कोणाला गारवा देण्यासाठी, तर सोफ्याला. "पुन्हा गार किंवा गरम करायला जास्त ऊर्जा लागते" हा गैरसमज अमेरिकेतही इतका पसरलेला आहे की तिथल्या ऊर्जा खात्याला तो खोडून काढावा लागला.

गॅसचा मुद्दा पटतो तो दरवर्षी "गॅस कमी झालाय" हे ऐकून आपण पैसे मोजतो म्हणून. एसीतला गॅस तांब्याच्या बंद नळ्यांतून फिरतो. तो पेट्रोलसारखा जळून संपत नाही, की उघड्या बाटलीतल्या स्पिरिटसारखा उडत नाही. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळतोय: नळीच्या जॉइंटला, नाहीतर कॉइलला पडलेल्या बारीक भोकातून. ते भोक एसी चालू असतानाही गळणार आणि बंद असतानाही. ऐरोली, वाशी, कोपरखैरणे अशा खाडीकाठच्या भागात खारी हवा आणि चिखलातून, नाल्यांतून येणारा गंधकयुक्त वायू तांबं खातो, त्यामुळे तिथल्या कॉइल लवकर जातात. त्याचा तुमच्या सुट्टीशी संबंध नाही. गॅस भरायला आलेल्या मेकॅनिकला आधी लीक कुठे आहे ते शोधायला सांगा. नायट्रोजन भरून, जॉइंटला साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघता येतात. लीक न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

बुरशीचं म्हणणं मात्र उडवून लावण्यासारखं नाही. गणपतीला कोकणात जाऊन आलेल्यांना कपाटातल्या चामड्याच्या पट्ट्यावरचा पांढरा थर नवा नाही. पण त्यावर ड्राय मोड हा उपाय नव्हे. ड्राय मोडमध्येही कॉम्प्रेसर चालतो, कॉइल गार होते आणि हवेतलं पाणी तिच्यावरच जमतं. खोली कोरडी होते, एसीचं पोट ओलं राहतं. शिवाय तो एकाच खोलीपुरता. आणि पाण्याचा पाइप मध्येच तुंबला, पाणी भिंतीवरून गादीत उतरायला लागलं, तर घरात बघायला कोणी नाही.

खरी तयारी इथेच आहे आणि मेसेजमध्ये नेमकी तीच नाही. निघायच्या आदल्या दिवशी एसीच्या जाळ्या धुवा, सावलीत पूर्ण वाळवा आणि मगच बसवा. शेवटचं कूलिंग झालं की तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवा, म्हणजे कॉइल आणि खालचा ट्रे कोरडा होईल. ड्रेनचं पाणी बाल्कनीत बादलीत पडत असेल तर ती बादली रिकामी करून पालथी घाला. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो. तुम्ही सिंधुदुर्गात असताना त्याची पिढी तुमच्या बाल्कनीत वाढायला नको. फ्रिजच्या मागचा ट्रेही बघा, तो कोणीच बघत नाही. मग एसीचा एमसीबी, म्हणजे विजेच्या बोर्डावरचा त्याचा स्वतंत्र स्विच, खाली करा. नुसता रिमोटने बंद केलेला एसी थोडी वीज घेत राहतो, ते सोडून दिलं तरी वळवाच्या वादळात वीज जाऊन येते, व्होल्टेज उसळतं, तेव्हा त्याचा पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक सर्किट) जोडलेलाच असतो. कपाटांची दारं किलकिली ठेवा आणि एकही ओला टॉवेल मागे ठेवू नका.

गीझर पाणी तापल्यावर थांबतो, हे अर्धं खरं. टाकीतली उष्णता हळूहळू बाहेर जाते, थर्मोस्टॅट पुन्हा चालू होतो, आणि कोणी आंघोळ न करता ते चक्र पंधरा दिवस फिरतं. १५ लिटर पाणी २७ वरून ६० अंशांवर न्यायला अर्ध्या युनिटहून थोडीच जास्त वीज लागते. आल्यावर तेवढी खर्चा. पैशापेक्षा धोका मोठा. थर्मोस्टॅट चिकटला तर कटआउट आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असतात, पण त्यांची परीक्षा बंद घरात कशाला घ्यायची? स्विच बंद, पाण्याचा कॉकही बंद. आल्यावर गरम पाण्याचा नळ सोडून धार सलग आली की मगच चालू करा.

मेन स्विच पाडणं सुरक्षित खरं, पण घरात बॅटरीवाला इन्व्हर्टर असेल तर मेन पडताच त्याला वाटणार लाइट गेली. तो स्वतःच वीज द्यायला लागतो आणि काही दिवसांत बॅटरी पार बसते. लेड-ॲसिडची बॅटरी तशीच उतरलेली पडून राहिली की तिचं आयुष्य घटतं. मेन पाडायचा तर आधी इन्व्हर्टर त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करा. आणि फ्रिज? रिकामा करून, पुसून, दार उघडं ठेवणार असाल तरच मेन पाडा. फ्रिजरमध्ये सुरमई ठेवून मेन पाडलात तर आल्यावर शेजारीच तुम्हाला सांगतील. नाहीतर मेन चालू ठेवून फ्रिजचा एमसीबी तेवढा वर ठेवा.

राहिला १६ चा मुद्दा. आल्या आल्या एमसीबी वर करायच्या आधी बाहेरच्या युनिटकडे एक नजर टाका. पंधरा दिवस पंखा फिरला नाही हे कबुतरांना बरोबर कळतं. काटक्या, केबलचे तुकडे, झाडूच्या काड्या जाळीपाशी आणि युनिटच्या मागे खच्चून भरलेल्या सापडतात. मग खिडक्या उघडून, पंखे लावून कोंडलेली गरम हवा जाऊ द्या, खिडक्या बंद करा आणि एसी २६ वर लावा. खोली तापलेली असेपर्यंत तो २६ वरही जोरातच चालतो. १६ लावल्याने २६ पर्यंत लवकर पोचत नाही, फक्त तिथे थांबत नाही.