बोललं कोण ते पाहा, मग शब्द निवडा

टॉक, स्पीक, से, टेल, चॅट, डिस्कस यांतला फरक शोधायला शब्दकोश उघडलात? मिटा. कोशात अर्थ मिळतो. तुम्हाला हवं आहे वजन, आणि ते बोलणाऱ्याच्या खुर्चीवरून ठरतं.

दोन माणसं कोपऱ्यात उभी राहून तिसऱ्याबद्दल बोलताहेत. वरिष्ठ असतील तर ते 'डिस्कशन'. त्यांत तुम्ही असाल तर 'क्विक चॅट'. ज्यांच्यात तुम्हाला घेतलेलं नाही, त्यांचं अर्थातच 'गॉसिप'. हा शब्द मुळात फार सोवळा. जुन्या इंग्रजीत बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याला किंवा धर्ममातेला 'गॉडसिब' म्हणत. पुढे बाळंतिणीजवळ जमणाऱ्या बायकांना तेच नाव पडलं, आणि शेवटी त्यांच्या बोलण्याला. शब्द इतका घसरायला त्या काही भयंकर बोलत असतील असं नाही. बायका बोलत होत्या, एवढं पुरलं.

'डिस्कस'ला 'अबाउट' लागत नाही, असं व्याकरणवाले कानीकपाळी ओरडतात. तुम्ही लावाच. नुसतं 'डिस्कस द इश्यू' म्हटलं की काम आटोपल्यासारखं वाटतं. 'डिस्कस अबाउट द इश्यू'मध्ये कसं, आणखी तीन बैठकांना वाव राहतो. या शब्दाच्या लॅटिन मुळाचा अर्थ आपटून, हादरवून विखुरणं असा आहे. बैठकीनंतर मूळ विषयाची जी दशा होते ती पाहता, एवढा इमानदार शब्द इंग्रजीत दुसरा नसेल.

'से' आणि 'टेल'मध्ये मात्र जपून. 'टेल'ला ऐकणारा लागतो: 'आय टोल्ड हिम'. 'से'ला नाही लागला तरी चालतं. तेव्हा बैठकीत तुम्ही जे काही मांडलंत ते सगळं 'आय सेड' या सदरात टाका, वाद उरत नाही. 'टेल'लाही ऐकणाऱ्यावाचून चालवून घ्यावं लागतं अशा मोजक्या जागा आहेत. 'टेल अ लाय' ही त्यांतली एक. 'टेल द ट्रूथ' हीसुद्धा, पण तिची गरज क्वचित पडते. प्रार्थनेला इंग्रज 'से'च वापरतो, 'टेल' नाही. ऐकणाऱ्याची खात्री नसावी.

भारदस्त वाटतो म्हणून 'कन्व्हर्सेशन' कुठेही फेकू नका. इंग्लंडच्या कायद्यात 'क्रिमिनल कन्व्हर्सेशन' नावाचा दावा असे. बायकोचे ज्याच्याशी संबंध असतील त्या पुरुषाकडून नवरा त्यात भरपाई वसूल करी. १८५७ साली तो दावा बंद झाला. त्या सगळ्या प्रकरणात बोलणं किती होत असेल, देव जाणे. म्हणून घरी उशिरा पोचलात तर 'एका सहकारी बाईंशी लाँग कन्व्हर्सेशन झालं' असं सांगण्यापूर्वी दारातच क्षणभर थांबा. 'मीटिंग होती' म्हणा. मीटिंगवर कोणी संशय घेत नाही, कीव करतात.

भांडणाचं काय? भांडण इंग्रजीत होतच नाही. दोन देशांचे मंत्री एकमेकांवर तासभर डाफरले की पत्रकात 'फ्रँक' चर्चा येते, काहीच ठरलं नाही तर 'कन्स्ट्रक्टिव्ह'. तुम्हीही साहेबांची बोलणी खाऊन बाहेर आलात तर 'वन-ऑन-वन' झालं असं सांगा. त्यात त्यांनी आवाज चढवला असेल तर 'पॅशनेट', आणि तुम्हाला एक अक्षरही बोलू दिलं नसेल तर 'डायलॉग'.

राहता राहिला 'टॉक'. त्याचं एकवचन म्हणजे व्याख्यान, निरुपद्रवी: पाणी पितात, टाळ्या वाजवतात, घरी जातात. अनेकवचनी 'टॉक्स' म्हणजे वाटाघाटी, त्या मोडण्यासाठीच असतात. पण 'वी नीड टू टॉक' असा निरोप आला, खाली ना विषय ना वेळ, तर शब्द निवडायच्या भानगडीत पडू नका. त्या वाक्यात 'वी' असलं तरी टॉक निरोप धाडणारे एकटेच करणार आहेत. तुम्ही 'शुअर' लिहा आणि जा.