शाळेला पाणी पाजण्याची रीत

विदर्भातल्या एखाद्या खेड्यातील जिल्हा परिषद शाळेसाठी निधी जमवावा आणि तेथील मुलांना शुद्ध पाणी मिळवून द्यावे, असे आपल्या मनात आले असेल, तर आपले मनःपूर्वक अभिनंदन. त्यासोबत एकच कळकळीची विनंती, की पुरता निधी जमेपर्यंत त्या शाळेत चुकूनही पाऊल टाकू नये. शाळेत गेल्याने फार घोटाळा होतो. मुख्याध्यापक थकलेले वीजबिल पुढे करतात, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष सांगतात की होळी झाली की बोअर नुसता गाळ ओकते, पोषण आहाराची खिचडी शिजविणाऱ्या ताई म्हणतात की या पाण्यात डाळच शिजत नाही, आणि आपण माहितीपत्रकात पाहून पसंत केलेल्या शुद्धीकरण यंत्राविषयी आपल्याच मनात नाहक शंका उत्पन्न होतात. निधी जमविणाऱ्याला शंका परवडत नाहीत.

याच कारणास्तव पाणी तपासून घेण्याच्या भानगडीतही पडू नये. तपासणी केली की प्रत्येक गावाचे दुखणे वेगळे निघते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील कित्येक गावांच्या भूजलात फ्लोराइड आहे. त्याला रंग नाही, वास नाही, पाणी उकळल्याने ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचे प्रमाण वाढते, आणि पाण्यातले जंतू मारणाऱ्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचा त्याच्यावर काडीचाही परिणाम होत नाही. भारतीय मानकाप्रमाणे ते लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत असावे, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घ्यावे. अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात निराळीच तऱ्हा, तेथे पाणी जिभेलाच खारट लागते. तिसऱ्या एखाद्या गावी पाण्यात तसे काहीच वाईट निघत नाही. विहीर उघडी असते, टाकी वर्षभर धुतलेली नसते आणि टीसीएलची पिशवी ग्रामपंचायतीच्या कोपऱ्यात दगड झालेली असते, एवढेच. म्हणजे पहिल्या गावाला फ्लोराइड नसलेला दुसरा स्रोत शोधून द्यावा लागेल, दुसऱ्याला दुरून पाइपलाइन आणावी लागेल आणि तिसऱ्याला एका माणसाने नेमाने टाकी धुऊन मात्रेत पावडर टाकली तरी पुरेल. आता तिसऱ्या गावाचा उपाय सर्वांत स्वस्त आहे हे खरे, परंतु टीसीएलच्या पिशवीला फीत बांधता येत नाही. तेव्हा तिन्ही गावांना एकच यंत्र द्यावे, हे उत्तम.

आवाहनासाठी छायाचित्र लागेल. येथे एक अडचण येते. फ्लोराइडचे पाणी दिसायला अगदी नितळ असते, आणि ज्या मुलीच्या समोरच्या दातांवर त्या पाण्याने पिवळे-तपकिरी पट्टे उमटलेले असतात, ती छायाचित्र काढताना ओठ घट्ट मिटून घेते किंवा तोंडावर हात धरते. त्यामुळे दात्याला दाखविण्याजोगे काही उरतच नाही. शिवाय कुणी जाणकार भेटला तर तो सांगेल की कायमच्या दातांचे कवच वयाच्या आठव्या वर्षापर्यंत तयार होत असते, म्हणजे डाग पडण्याचे काम बरेचसे घरच्या आणि अंगणवाडीच्या पाण्यानेच उरकलेले असते, आणि शाळा सुटल्यावर मुले पुन्हा घरचेच पाणी पितात. अशा जाणकारास समितीत घेऊ नये. त्यापेक्षा मुलांना नाल्याकाठी न्यावे आणि ओंजळीत गढूळ पाणी धरायला सांगावे. मात्र हा कार्यक्रम पावसाळ्यातच उरकावा, कारण मे महिन्यात नाल्यात गढूळ पाणीसुद्धा नसते, आणि शाळाही नसते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. दाता पाहणीला येतो तेव्हा सगळीकडे हिरवेगार झालेले असते आणि तो मनात म्हणतो की यांना पाण्याची काय कमी.

पैसे मागताना 'मग हे काम कुणाचे?' असा प्रश्न निघू देऊ नये. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतच शाळेत सुरक्षित आणि पुरेसे पिण्याचे पाणी असावे असे लिहिले आहे, आणि जलजीवन मिशनने 2 ऑक्टोबर 2020 रोजी शाळा व अंगणवाड्यांना नळाचे पाणी देण्यासाठी 100 दिवसांची मोहीमही काढली होती. नळ आले नाहीत असे कोण म्हणेल? नळ कुठल्याही महिन्यात मोजता येतात. त्यांतले पाणी मोजायचे तर एप्रिलमध्ये जावे लागते, आणि त्या सुमारास सगळे मार्चअखेरच्या धावपळीने थकलेले असतात. कंपन्यांकडे जायचे तर याच मार्चअखेरीच्या आधी जावे. 2013 च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचा 2 टक्के भाग सामाजिक कामावर खर्चावा लागतो, आणि फेब्रुवारीत तो हाती शिल्लक असला की मुलांविषयीची कणव एकदम दाटून येते. अर्जात यंत्राची, शेडची, फरशीची आणि फलकाची किंमत लिहावी. गाळणी बदलण्याचे, वीजबिलाचे आणि देखभाल करणाऱ्या माणसाचे पैसे लिहिल्यास साहेबांचा चेहरा उतरतो, कारण गाळणीवर कुणाचेही नाव कोरता येत नाही.

आपल्याकडे गाडगेबाबांचा दाखला देण्याची पद्धत आहे. तो भाषणात जरूर द्यावा, पण त्यापलीकडे जाऊ नये. अमरावती जिल्ह्यात 1876 साली जन्मलेला हा माणूस गावात आला की आधी खराटा घेऊन गाव झाडत असे आणि मग रात्री कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारत असे. खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या शाळेत आपण आधी टाकी धुवायला बसलात, तर पुढचा सत्कार कोण करणार?

उद्घाटनाविषयी मात्र मी स्वानुभवाने सांगू शकतो, कारण आमच्या तालुक्यातल्या एका शाळेसाठी वर्गणीची पावती पुस्तके घेऊन मीच फिरलो होतो. मांडव पडला, नळाला झेंडूची माळ आणि लाल फीत बांधली, आणि सकाळी दहाला वीज गेली. यंत्राची टाकी कोरडी होती. मग सातवीच्या मुलींनी पटापट गुंड भरून आणले आणि स्टुलावर चढून वरून टाकीत ओतले. पाहुण्यांनी फीत कापली, स्टीलच्या पेल्यातून दोन घोट घेतले आणि म्हणाले, "वा, काय गोड पाणी आहे!" माझ्या शेजारी उभ्या असलेल्या खिचडीवाल्या ताई पदराआडून पुटपुटल्या, "गोड राहीन नाही तं काय भाऊ, पाटलाच्या विहिरीचं हाय ते." टाळ्या चांगल्या वाजल्या. छायाचित्र पुढच्या वर्षीच्या अर्जालाही चालले.

ते यंत्र चालले नाही असे नव्हे. वीज असेल तेव्हा ते चालत असे, आणि एक बादली शुद्ध पाणी देताना बादलीहून अधिक पाणी मागच्या नळीने सोडून देत असे. होळीनंतर गाळ ओकणाऱ्या बोअरला हे कितपत मानवले, ते बोअरलाच ठाऊक. दुसऱ्या वर्षी आतला पडदा निकामी झाला. तो बदलणारा कारागीर नागपूरला होता, त्याचे येण्याजाण्याचे भाडे कुठल्याच शीर्षात बसत नव्हते, आणि मुलींनी पुन्हा घरून बाटल्या आणायला सुरुवात केली. यंत्राचे स्टीलचे कपाट तेवढे फार उपयोगी पडले, कारण शाळेत कुलूप लागणारे दुसरे कपाट नव्हते.

तेव्हा पुढचा दाता भेटला की त्याला हीच शाळा सुचवावी. तेथे पाणी नाही हे आता कागदोपत्री सिद्ध झालेले आहे. फक्त भिंतीवर दुसऱ्या फलकाला जागा आहे का ते आधी पाहावे, आणि जुन्या यंत्राच्या कपाटातले खडूचे खोके, हजेरीपट आणि दोन फुटबॉल आदल्या दिवशीच बाहेर काढून ठेवावेत, कारण पोट्ट्यांना फुटबॉल नेमका पाहुणे फीत कापत असतानाच हवा असतो.