पिंपलच्या क्रीमने कातडी पातळ होते?

परवा एक आजी नातीला घेऊन दुकानात आल्या आणि तिची मुरमांवरच्या ॲडॅपलीनची ट्यूब काउंटरवर ठेवून म्हणाल्या, "ही परत घ्या." कारण, सध्या फिरणारा मेसेज. त्याचा मजकूर असा: मुरमांवर देतात ते रेटिनॉइड म्हणजे ॲसिड, त्याने चेहरा भाजतो, कातडी कागदासारखी पातळ होते, उन्हात काळी पडते आणि एकदा लावलं की सोडता येत नाही. त्यापेक्षा लिंबू लावा. मेडिकल चालवतो, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"ॲसिड आहे." रेटिनॉइड हे औषधांच्या एका गटाचं नाव, ॲडॅपलीन आणि ट्रेटिनॉइन दोन्ही त्यातली. ट्रेटिनॉइनचं दुसरं नाव रेटिनोइक ॲसिड, हे खरं. पण ते अ जीवनसत्त्वाचं रूप आहे. रोमछिद्रात मेलेल्या पेशींचा बूच बसतो आणि मुरूम तिथूनच सुरू होतो. हे औषध तो बूच बसू देत नाही. लिंबातही ॲसिडच असतं, तेही चांगलं झोंबणारं, हे लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.

"चेहरा भाजतो." यात तथ्य आहे. सुरुवातीचे काही आठवडे लाली येते, कातडी ओढते, नाकाशेजारी पापुद्रे निघतात. पण किती लावतेस विचारलं, तर नातीने बोटावर दाखवली ती ब्रशवर घ्यायच्या पेस्टएवढी! सगळ्या चेहऱ्याला वाटाण्याएवढी पुरते. कपाळ, गाल, हनुवटीवर ठिपके देऊन पातळ पसरायची. नुसत्या फोडावर थापायची नाही. डोळ्यांच्या कडा, ओठांचे कोपरे, नाकपुड्यांची खाच सोडायची. रात्री, चेहरा धुऊन पूर्ण सुकल्यावर, आणि पहिले दोन-तीन आठवडे एक दिवसाआड. झोंबत असेल तर आधी मॉइश्चरायझर लावा, वरून औषध. स्क्रब बंद. त्या भागावर वॅक्सिंग तर नकोच, वरची कातडी सोलून निघते. आणि "साल निघतेय म्हणजे लागू पडतंय" असं सांगणाऱ्या मैत्रिणीचं ऐकू नका. आपल्या सावळ्या रंगावर अशी आग सोसली की मागे काळे डाग राहतात. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे जातात. बहुतेक जण तिसऱ्याच आठवड्यात ट्यूब फेकतात.

"पातळ होते." उलट आहे. सगळ्यात वरचा मेलेला थर थोडा आवळतो, पण त्याखालची जिवंत बाह्यत्वचा जाड होते आणि महिनोन्महिने वापरल्यावर कोलॅजन, म्हणजे कातडीला घट्टपणा देणारं प्रथिन, तेही वाढतं. म्हणून तर ट्रेटिनॉइन सुरकुत्यांवरही देतात.

मग लोकांनी पाहिलेले ते लालबुंद, शिरा दिसणारे चेहरे कुठले? ते बहुतेक "गोरं करणाऱ्या" ट्यूबचे. तिच्या मागची बारीक अक्षरं वाचा: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. तिसरं नाव स्टेरॉइडचं. वांगासाठी डॉक्टर ही क्रीम काही आठवडे देतात. लोक वर्षभर फासतात. मग कातडी पातळ होते, लव वाढते, आणि थांबवली की चेहरा पेटतो. "सोडता येत नाही" ही तक्रारही इथलीच. २०१८ साली केंद्र सरकारने अशी बरीच स्टेरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. तरी रोज कुणीतरी रिकामा खोका दाखवून "हीच द्या" म्हणतंच. आजींनी चष्मा वर करून नातीची ट्यूब वाचली. त्यावर औषधाचं एकच नाव होतं, ॲडॅपलीन; स्टेरॉइड नव्हतं. नुसतं रेटिनॉइड थांबवलं तर मुरूम परत येऊ शकतात, पण ती सवय लागणं नव्हे.

"उन्हात काळी पडते." ऊन जास्त लागतं खरं, म्हणून दिवसा एसपीएफ ३० चं सनस्क्रीन. ट्रेटिनॉइन रात्री लावायचं आणखी एक कारण म्हणजे ते उजेडात निकामी होतं. ॲडॅपलीन त्या मानाने टिकतं, ०.१ टक्क्याचं ॲडॅपलीन अमेरिकेत २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं.

एवढी भीती घालणाऱ्या मेसेजात गरोदरपणाचा मात्र शब्द नाही. मुरमांवरच पोटात घ्यायच्या आयसोट्रेटिनॉइन या रेटिनॉइडने बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. मलम रक्तात फार थोडं उतरतं, तरी दिवस गेले असतील किंवा तसा विचार असेल तर तेही बंद ठेवायचं. टॅझॅरोटीन या रेटिनॉइड मलमाला तर हातही लावायचा नाही. कळायच्या आधी चार दिवस लावलं गेलं असेल तर घाबरून जाऊ नका. थांबवा आणि पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला.