फोडणी दिली म्हणून रात्रभर बाहेर राहिलेला भात निर्धोक होत नाही

रात्रीचा उरलेला भात ओट्यावरच झाकून ठेवावा, सकाळी खरपूस फोडणी दिली की त्यातले जंतू मरतात, गरम अन्न फ्रिजमध्ये ठेवल्यास ते विषारी होते, आंबूस वास आला नाही तर अन्न चांगलेच समजावे आणि आजीच्या काळात फ्रिज नसूनही कोणी आजारी पडत नव्हते, अशा आशयाचे संदेश कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटांवर वारंवार येतात. फोडणीचा भात घरोघरी लहान मुलांच्याही ताटात असतो, म्हणून या दाव्यांना उत्तर देणे आवश्यक आहे.

जंतू मरतात हा दावा सर्वांत घातक, कारण तो अर्धा खरा आहे. तांदळावर बॅसिलस सीरियस या जिवाणूचे बीजाणू, म्हणजे त्याची सुप्त आणि टणक रूपे, अनेकदा असतात आणि पातेल्यात भात शिजताना येणाऱ्या उकळीतही ते तग धरतात. भात कोमट झाला की हेच बीजाणू रुजतात, जिवाणू भराभर वाढतात आणि त्यांचे काही प्रकार सेरूलाइड नावाचे विष भातात सोडतात. प्रयोगशाळेत १२१ अंश सेल्सिअस तापमानाला दीड तास ठेवूनही हे विष टिकल्याचे दिसले आहे. तेव्हा कढईत दहा मिनिटे परतल्याने जिवाणू मेले, तरी विष तसेच राहते. असा भात खाल्ल्यावर साधारण अर्ध्या ते सहा तासांत मळमळ आणि उलट्या सुरू होतात. बहुतेक जण दिवसभरात बरे होतात, परंतु यकृत निकामी होऊन मृत्यू ओढवल्याच्याही मोजक्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत.

गरम अन्न फ्रिजमध्ये विषारी होते, याला काहीही आधार नाही. वाफाळते मोठे पातेले तसेच आत ठेवल्यास शेजारच्या दुधाला ऊब लागते आणि भाताचा मधला भाग बराच वेळ कोमट राहतो, एवढे मात्र खरे. पण त्यावरचा उपाय म्हणजे भात रात्रभर बाहेर ठेवणे नव्हे. भात परातीत पसरून पंख्याखाली ठेवावा आणि वाफ जिरली की उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये ठेवावा. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये आणि फ्रिजचे तापमान ५ अंशांखाली असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. विदर्भातल्या मे महिन्यात तर तासाभराचीच मुदत समजावी.

वासाबद्दल फार लिहायला नको. अन्न आंबवणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे वेगळे असू शकतात. सेरूलाइडला वासही नसतो आणि चवही नसते.

राहता राहिली आजी. तिच्या स्वयंपाकघरात मापून रांधले जाई, भाकरी आणि कोरडी चटणी यांसारखे टिकाऊ पदार्थ अधिक असत आणि उरलेला भात पुष्कळदा आंबट ताकात कालवला जाई. आंबटपणामुळे या जिवाणूची वाढ मंदावते, म्हणून त्या रीतीत तथ्य होते. मात्र आधीच तयार झालेले विष ताकाने नाहीसे होत नाही. शिवाय कोणी आजारी पडतच नव्हते असेही नाही: उलट्या-जुलाब होत, फक्त ते ‘काहीतरी बाधले’ म्हणून सोडून दिले जात.

अन्न टाकणे जिवावर येते, हे मान्यच आहे. म्हणूनच निर्णय रात्री जेवणे आटोपताच घ्यायचा असतो, कारण सकाळी ओट्यावर सापडलेल्या भाताला टाकून देण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही.