पोखऱ्याला जाऊन दमून कसं यावं

तीन दिवस कुठेतरी निवांत जायचंय? नेपाळात पोखऱ्याला जा. फेवा ताल म्हणजे मोठं तळं, काठाने चालायला वाट, वर अन्नपूर्णेची रांग. तिथे काम एकच, बसणे. पण नुसतं बसायला एवढा खर्च करून कोण जातं? तेव्हा पुढील सूचना पाळाव्यात.

आधी ठिकाणांची लांबलचक यादी करा. त्यात मुक्तिनाथ हवंच, तेही जीपने एका दिवसात जाऊन-येऊन. पोखरा ८०० मीटरच्या आसपास, मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. शरीराला काय कळतंय? डोकं ठणकलं, उलटी झाली, तर कालचे मोमो बाधले म्हणा.

नेपाळचं घड्याळ आपल्यापेक्षा १५ मिनिटं पुढे असतं. आपलं मुळीच बदलू नका. बस चुकली की ओरडायला ड्रायव्हर आहेच.

ऐन पावसाळ्यात जा आणि डोंगर दिसले नाहीत म्हणून हॉटेलवाल्याकडे सूट मागा.

सारंगकोटच्या टेकडीवर सूर्योदयाच्या वेळी कठडा अडवून घरच्यांना व्हिडिओ कॉल लावा. अन्नपूर्णा मावशींना दिसली पाहिजे. मागच्यांना तुमची माकडटोपी पुरे.

आता पैसे. १०० भारतीय रुपयांचे १६० नेपाळी, हा दर १९९३ पासून बांधलेला. म्हणून दुकानदार आधी विचारतो, "आयसी की एनसी?", म्हणजे भारतीय रुपये की नेपाळी. त्याने १६० एनसी सांगितले की "म्हणजे आपले शंभर" असा हिशेब मोठ्याने करा, मग साठ देतो म्हणा, आणि ते साठही एनसीच धरा. परदेशात जाऊन श्रीमंत वाटायचं ते असं.

राहता राहिली नाव. तिकीटखिडकीवर दरांचा फलक असतो, त्याच्याच खाली उभं राहून भाव करा. लाइफ जॅकेट दिलं की "आम्हाला पोहता येतं" म्हणा. येत नसेल तर जास्त जोरात म्हणा. आणि स्पीकर विसरू नका. परवा आमच्या शेजारच्या नावेतली मंडळी विसरली नव्हती. आपलीच, मराठी. वारा पडला होता, माछापुच्छ्रेचं शिखर पाण्यात अख्खं उतरलं होतं, आणि त्यावरून धाडधाड लग्नाच्या वरातीतली गाणी. ताल बाराहीचं बेट जवळ आलं तशी त्यांची वल्हं मारणारी बाई हळूच म्हणाली, "दाइ (म्हणजे दादा), आवाज थोडा कम, मंदिर है." त्यावर त्यांच्यातले एक काका काय म्हणाले? "हमने पैसे दिये हैं." आणि आवाज वाढवला! वाढवला हो! वर वेफर्सचं रिकामं पाकीट पाण्यात, माशांना म्हणून.

ते समोरचं शिखर ६,९९३ मीटरचं. तिथले लोक त्याला पवित्र मानतात. १९५७ साली ब्रिटिश गिर्यारोहक माथा हाताच्या अंतरावर असताना पाय न ठेवता परत फिरले, आणि पुढे त्यावरची चढाईच बंद झाली. त्यांना माथा सोडता आला. तुम्हाला एक बटण दाबता येत नाही?

पैसे कसले दिलेत? थोडेसे, तेही अर्धा तास हुज्जत घालून. त्यात नाव मिळते. तळं मिळत नाही, मंदिर मिळत नाही, आणि ती बाई तर नाहीच नाही. ती तुमच्या दुप्पट वजनाची नाव दिवसभर ओढते आणि तरी तुम्हाला दाइ म्हणते, आणि तुम्ही तिच्यावर खेकसता. लाज नाही वाटत?

बंद करा तो डबा. जॅकेट घाला, फलकावरचे पैसे मुकाट्याने द्या, कचरा खिशात ठेवा आणि तासभर तोंड मिटून बसा. नसेल जमत तर जाऊच नका. घरच्या गच्चीवर लावा काय लावायचं ते, शेजारी भोगतातच आहेत.