टोमॅटो खायला ग्रीसला? हो, सांगते का ते

तुमची कमेंट काल रात्रीच वाचली होती, पण तेव्हा उत्तर दिलं असतं तर रागात दिलं असतं म्हणून आत्ता सकाळी लिहितेय. तुमचं म्हणणं असं की एवढा खर्च करून मी ग्रीसला गेले आणि माझ्या लेखात टोमॅटो, पाव, चीज सोडून काही नाही, हे तर घरी पण मिळतं, आणि तुमचे आईबाबा एप्रिलमध्ये टूरसोबत जाणार आहेत, दोघं शाकाहारी, तर त्यांना या लेखाचा उपयोग काय.

आधी पहिलं. घरी नाही मिळत हो, खरंच नाही. क्रीट या ग्रीक बेटावर डाकोस म्हणून एक प्रकार असतो, जवाचा दोनदा भाजलेला पाव, एकदम दगड, त्यावर किसलेला टोमॅटो, मिझिथ्रा नावाचं मऊ ताजं चीज, ऑलिव्ह ऑइल आणि ओरेगॅनो, बस. तो पाव टोमॅटोच्या रसाने आणि तेलानेच मऊ पडतो, म्हणजे टोमॅटो रसाळ नसेल तर डिश तिथेच संपली, वरून काही घालून ती सावरता येत नाही. आणि लांब पाठवायचा टोमॅटो कच्चा तोडतात, मग थंडीत ठेवतात, त्या थंडीत त्याचा वास बनायचाच मंदावतो आणि नंतर बाहेर काढून ठेवला तरी पूर्ण परत येत नाही. सॅंटोरिनी बेटावर तर पाऊस इतका कमी की तिथले छोटे टोमॅटो जवळजवळ पाणी न घालताच वाढतात, ज्वालामुखीच्या मातीत, हवेतल्या दमटपणावर, म्हणून ते जाड सालीचे आणि गोड. मी पहिला तोंडात टाकला आणि खरंच गप्प झाले. हे मी लिहायचं नाही तर काय लिहायचं?

आता आईबाबांचं. इथे चूक माझी आहे, टूरवाल्यांचा विचारच केला नव्हता मी, बस थांबेल तिथे जेवणाऱ्याला निवड कुठली. पण एप्रिल हा त्यांच्यासाठी चांगला महिना आहे. ग्रीक ऑर्थोडॉक्स ईस्टर बहुतेक एप्रिलमध्ये किंवा मेच्या सुरुवातीला येतो, त्याआधीचे काही आठवडे उपासाचे, मांस, अंडी, दूध सगळं बंद, आणि या उपासाच्या जेवणाला 'निस्तिसिमा' म्हणतात. हा शब्द कागदावर लिहून द्या त्यांना. फक्त एक लक्षात ठेवा, या उपासाला ऑक्टोपस, कोळंबी, शिंपले चालतात, त्यामुळे नुसतं निस्तिसिमा म्हणून भागणार नाही, समुद्रातलं काही नको हेही सांगायचं.

मागायचं काय? 'होर्ता' म्हणजे उकडलेला रानातला पाला, वर लिंबू आणि ऑलिव्ह ऑइल. 'फावा' म्हणजे शिजवून घोटलेली पिवळी डाळ. 'लाडेरा' म्हणजे ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद शिजवलेल्या भाज्या. 'गेमिस्ता', भात भरलेले टोमॅटो आणि मिरच्या, पण त्यात कधी खिमा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. आणि मेन्यूवर पदार्थाच्या नावाशी चांदणी असेल तर तो बऱ्याचदा फ्रोजन असतो, खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा.

अथेन्समध्ये मोकळी सकाळ मिळाली तर हॉटेलवर विचारा आज जवळ 'लायकी' कुठे आहे, म्हणजे गल्लीतला आठवडी भाजीबाजार, प्रत्येक भागाचा वार ठरलेला असतो आणि दुपारपर्यंत आवरतो. फळं घ्या, धुवा, बसमध्ये खा.

आणि हो, टोमॅटोचा खरा मौसम उन्हाळ्यात, एप्रिलमध्ये माझ्या लेखातली चव शोधू नका. तेव्हा आर्टिचोक असतात, म्हणजे भाजी म्हणून खायच्या मोठ्या कळ्या. क्रीटला गेले तर कोवळे, कच्चे, नुसतं लिंबू आणि मीठ लावून मागवायला सांगा.