माल्टमिश्रित रसायन

शुक्रवारी संध्याकाळी अमेरिकेत, डेन्व्हरमधल्या आमच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या टोळक्यात एकच प्रश्न फिरतो: उद्या काय लावणार? निवृत्त प्लंबर आहे, तो गेले तीन आठवडे स्टाउटवर, म्हणजे काळ्या बिअरवर, अडलाय. विज्ञान शिकवणाऱ्या बाईंनी जुन्या बॅचचं यीस्ट बरणीत जपून ठेवलंय, ते जिवंत आहे का, याची त्यांना काळजी. एकाला गव्हाची बिअर करायचीय पण बायको म्हणते, आधी गॅरेज आवर. कुणी काय बिघडवलं हेही सगळं उघड सांगितलं जातं, अगदी चवीनं.

सोलापुरात शुक्रवारी संध्याकाळी मित्र एवढंच विचारायचे, "आज बसायचं का बे?" कुठं, काय, किती, हे बोलायचं नाही. काळी पिशवी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली, घरी सांगायला 'मीटिंग होती'. 'बसणं' या शब्दात आपण सगळं झाकून टाकलंय. बिअर घरी करायला लागल्यावर माझ्या पहिलं लक्षात आलं ते हे, की यात बसायला मिळतच नाही. सहा तास उभं राहायचं, आणि त्यातले तीन भांडी घासायची.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे भाचा. पुण्यात मायक्रोब्रुअरीत जाऊन आला आणि घरच्या ग्रुपवर टाकलं, "मामा, तुम्ही तिकडं घरी करलालाव, मग आम्ही इथं का नाही?" दाजी माळकरी. वारी चुकवत नाहीत. त्यांनी तासाभरानं दोनच शब्द लिहिले: "दारू ती दारू." मग निवाडा करायला दोघांनीही मलाच ओढलं. ताईनं फक्त अंगठा दाखवला, कुणाला ते कळलं नाही.

भाच्याला वाटतं मी त्याच्या बाजूचा. अर्धा आहे.

आधी मी काय करतो ते सांगतो, कारण दाजींच्या डोळ्यापुढं भट्टी आणि धूर आहे. १९ लिटर बिअरला साधारण पाच किलो जवाचं माल्ट लागतं. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, नाचणी सत्त्वाला आई जे करते तेच. ते भरडून ६६ अंशाच्या पाण्यात तासभर मुरवायचं. घरभर गरम हॉर्लिक्सचा वास सुटतो. धान्यातली पिठूळ चव गोड होत जाते, ती चमच्यानं चाखून कळते. गाळलेला गोड काढा तासभर उकळायचा; हॉप्स नावाच्या वेलीची फुलं आधी टाकली की कडवटपणा, शेवटी टाकली की वास. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून मैलभर उंच असल्यानं पाणी इथं ९५ अंशांच्या आसपासच उकळतं आणि हॉप्समधला कडवटपणा नीट उतरत नाही, म्हणून मी मूठभर जास्त घालतो. मग तांब्याच्या नळीच्या गुंडाळीतून थंड पाणी सोडून काढा २० अंशांवर आणायचा, यीस्ट टाकायचं, झाकण लावायचं. दुसऱ्या दिवशी एअरलॉकमधून, म्हणजे आतला वायू बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीतून, बुडुक-बुडुक सुरू होतं. काचेच्या तरंगत्या मापकावर घनता १.०५२ वरून १.०१२ वर आली की समजायचं, सव्वापाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल झालं.

यात कुठंही दारू गाळणं नाही. आंबवणं आहे, इडलीच्या पिठासारखं. दारू 'गाळणं' म्हणजे आंबलेलं उकळून त्याची वाफ धरणं, आणि ते घरच्या घरी करायला अमेरिकेतही बंदी आहे. भाच्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या डोक्यात अमेरिका म्हणजे काहीही करा.

इथंसुद्धा घरची बिअर कायदेशीर होऊन फार काळ लोटलेला नाही. १९३३ मध्ये दारूबंदी उठली, पण घरी बिअर करणं मात्र बेकायदाच राहिलं. ऑक्टोबर १९७८ मध्ये जिमी कार्टर यांनी सही केली तेव्हा केंद्राचा कर आणि बंदी गेली. अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी तर २०१३ उजाडू दिलं. मर्यादा अशी, की घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २००, म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर थोडं. विकायची नाही. वाटा हवी तेवढी.

आता आपल्याकडं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार कागदोपत्री प्यायलाही परवाना लागतो. बिअर-वाईनला वय २१, बाकीच्याला २५. करायची तर परवान्याशिवाय गुन्हाच, मग बादलीभर असो की टँकरभर. सोलापूरच्या वर्तमानपत्रांत लहानपणापासून वाचत आलेलं एक वाक्य आहे, जवळपास पोलिसांच्या प्रेसनोटचा साचाच: 'छापा टाकून इतके हजार लिटर गूळमिश्रित रसायन जागीच नष्ट केले.' गूळ, नवसागर, पिंपं. माझ्या तळघरातल्या प्लास्टिकच्या पिंपाकडं बघताना मला दर वेळी ते वाक्य आठवतं. सोलापुरात असतं तर माझंही नष्ट झालं असतं, 'माल्टमिश्रित रसायन' म्हणून.

भाच्याशी माझं इथं बिनसतं. मुळेगाव तांडा त्याच्या घरापासून मोटारसायकलवर फार लांब नाही. पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या घरांना हातभट्टीचा शिक्का. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी, तेजस्वी सातपुते अधीक्षक असताना, 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं. एकेका अधिकाऱ्यानं एकेक गाव किंवा तांडा दत्तक घ्यायचा, भट्टी बंद करायची आणि त्या घराला दुसरं काम मिळवून द्यायचं. नुसता छापा घालून पिंपं फोडण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं. भाचा त्या बातम्या लाईक करतो आणि त्याच हातानं मला 'घरी बिअर का नको' विचारतो. विसंगती त्याला दिसत नाही, कारण तांड्यावरचा माणूस त्याच्या मते 'दारू गाळतो' आणि तो स्वतः 'ब्रू' करणार असतो.

हातभट्टी आणि बिअर एक नव्हेत, हे मीच वर सांगितलं. फरक पदार्थाचा आहे तसाच खिशाचाही आहे. माझी दुसरी बॅच आठवते. बाटल्या भरताना साखर मोजून घालायची असते, लिटरला पाच-सहा ग्रॅम. मी चमच्यानं, अंदाजपंचे घातली. दहाव्या रात्री तळघरात दिवाळी. सात बाटल्या फुटल्या, काचा भिंतीत रुतल्या, उरलेल्या सगळ्या मी जाड हातमोजे घालून गटारात ओतल्या. टोळक्यात सांगितलं तर हसले, आणि प्लंबरनं स्वतःचा छोटा वजनकाटा आणून दिला. बिघडलेली बॅच ओतून देता येणं ही माझी ऐपत आहे. ज्याची चूल त्याच पिंपावर पेटते तो ओतत नाही. तो त्यात काहीतरी घालून विकतो. मुंबईतल्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली ती आंबवण्यानं नाही, मिथेनॉल मिसळल्यानं.

दाजींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. गिरण्या बंद पडत गेल्या तेव्हाचं सोलापूर त्यांनी बघितलंय, मीही थोडं. आमच्या चाळीत पगाराच्या दिवशी बायका गिरणीच्या दारात जाऊन उभ्या राहत. गिरणी बंद झाल्यावर पगार गेला, गुत्ता राहिला. दारूबंदीच्या मतदानात उभ्या बाटलीविरुद्ध आडव्या बाटलीवर शिक्का मारून दुकान बंद करणाऱ्या बाया कुठून येतात, हे ज्यानं ती चाळ बघितली त्याला सांगावं लागत नाही. माझ्या टोळक्यातल्या बाईंना मी हे मतदान समजावून सांगितलं. त्यांना आधी गंमत वाटली. मग म्हणाल्या, आमच्याकडंही दारूबंदीसाठी बायकाच उठल्या होत्या.

पण दाजी, दारू ती दारू असेल तर सगळीकडं असू दे ना. जानेवारी २०२२ मध्ये किमान हजार चौरस फुटांच्या सुपरमार्केटमध्ये वाईन ठेवायचा निर्णय झाला, तेव्हा केवढा गदारोळ. वाईन म्हणजे दारू नव्हे, इथपर्यंत वाद गेला. त्याच काळात आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या, म्हणजे डिस्टिलऱ्या, मळीपासून अल्कोहोल काढतच होत्या, आणि त्याबद्दल कुणी उपोषणाला बसलं नाही. कारखान्याच्या अध्यक्षांना आपण 'सहकारमहर्षी' म्हणतो. डेन्व्हरमध्ये जॉन हिकनलूपर नावाच्या गृहस्थांनी १९८८ मध्ये भागीदारांबरोबर विंकूप ही ब्रुअरी काढली, २००३ मध्ये ते शहराचे महापौर झाले, पुढं गव्हर्नर, आता सिनेटर. प्रचारात हे त्यांनी लपवलं नाही. आमच्याकडं फ्लेक्सवर आसवनी कधी दिसते का? फ्लेक्सवर ऊस असतो.

तर माझं मत, दोघांनी मागितलंय म्हणून. आंबवण्याला परवानगी असावी. मर्यादा लिटरमध्ये ठरवलेली, विकायला बंदी, गाळण्याला बंदी. पण ती फ्लॅटमधल्या भाच्याला मिळणार असेल तर शेतातल्या घरालाही त्याच अर्जावर, त्याच शुल्कात मिळाली पाहिजे. तसं होणार नसेल तर नकोच. बाणेरच्या पोराचा छंद आणि तांड्यावरच्याचा गुन्हा, असा कायदा आपण आणखी एक करायला नको. आणि भाच्याला खासगीत: सोलापूरच्या मे महिन्यात ४३ अंशांत तुझं यीस्ट दुसऱ्या दिवशी भलतेच वास सोडेल, फ्रीज रिकामा करावा लागेल, आणि तो ताई करू देणार नाही.

मध्यंतरी मी ज्वारी लावून पाहिली. शेजारचं कॅन्सस अमेरिकेत ज्वारीत पहिल्या नंबरवर, त्यामुळं धान्याला तोटा नाही. ते लोक ती मुख्यतः जनावरांना घालतात हे सांगताना मला उगाच कमीपणा वाटतो, मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेलं असताना. चार किलोला मोड आणले. कोवळ्या ज्वारीत जनावर सोडायचं नाही हे आजोबांनी शिकवलेलं. मोडातही तेच विष असतं, म्हणून वाळवून कोंब-मुळं चोळून पाखडून काढली, सुपात, अंगणात, बर्फ वितळत असताना. ज्वारीचं पीठ ६६ अंशांना ढिम्म हलत नाही. आधी शिजवून पेज करावी लागते, मग निववून मोडाचं पीठ मिसळायचं. गाळताना सगळं चिकट झालं. बिअर झाली ती ढगाळ, आंबट, फेस नावालाही नाही. टोळक्यानं सभ्यपणे घोट घोट घेतला. मला मात्र ती ओळखीची लागली. आंबील होती ती, जरा चढणारी.

त्याच आठवड्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. मागं पिंप दिसत होतं. मी म्हटलं, "आंबील केलीय."

"आंबिलीला एवढं घट्ट झाकण?" मग बराच वेळ ती काही बोलली नाही. फोन डोळ्यांजवळ नेऊन पिंपाशेजारच्या टोपल्यातला ओला चोथा बघत होती.

"एवढी ज्वारी," म्हणाली. "चोथा कुणाला घालतोस? तिथं म्हैस तरी आहे का कुणाची?"

प्लंबरच्या कोंबड्या खातात, असं सांगितलं. तिला ते पटलं.